बारावर ठेवलेला फ्रिज

फ्रिज मी एका सोमवारी सकाळी रिकामा केला. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. मेथीची जुडी, अर्धं लिंबू, कालचं वरण, लोणच्याची बरणी आणि पाण्याच्या सात बाटल्या, सगळं ओट्यावर काढलं. जाळ्या मोरीत घासल्या. आतून आधी सोड्याच्या पाण्यानं आणि मग मिठाच्या पाण्यानं पुसलं, आणि दार उघडं ठेवून पंखा लावला. एवढं झाल्यावर माझी मलाच भीती वाटली. घरात फ्रिज एकच. सतरा वर्षांपूर्वी घेतलेला, एका दाराचा, लाल. त्यात आता आम्ही खायचं काहीच ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि हे नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं.

हे सगळं मायच्या शेळ्यांसाठी.

माझं माहेर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. आमची माणसं शेळ्यामेंढ्यांमागं फिरणारी. वडील होते तोवर फिरलो, मग थोडी जमीन झाली आणि एका जागी बसलो. धाकटा भाऊ आता कन्नड ते शहर जीप चालवतो. मायनं मात्र शेळ्या सोडल्या नाहीत. चौदा शेळ्या, त्यातल्या नऊ दुधाच्या. पण शेळीच्या दुधाला आमच्याकडं कुणी विचारत नाही. डेअरीवाला घेत नाही, चहावाला वास येतो म्हणतो. करडं पितात, घरात थोडं लागतं, उरलेलं कुत्र्यांपुढं जातं. उन्हाळ्यात भाऊ म्हणाला, "भाऊबीज झाली की समद्या बाजारात नेतो. तिचे गुडघे बग जरा. अन् दूध ओतून द्यायला शेळ्या पाळायच्या का?"

मी निघताना दावणीपाशी, भाऊ जवळ नसताना, माय मला म्हणाली, "शेळ्या गेल्यावर म्या दिवसभर कुणाकडं बगू?"

मी क्रांती चौकाजवळ एका मॅडमकडं कामाला जाते. त्या घरीच ब्रेड आणि केक करतात, दोन-तीन हॉटेलांना देतात. पीठ मळणं, भट्टीवर लक्ष ठेवणं आणि ट्रे धुणं माझ्याकडं. बोलायचं काम मॅडमचं. मला ते बरं पडतं. चार माणसांत तोंड उघडायची माझी हिंमत लहानपणापासून नाही. चौथीपर्यंत शाळेत होते, तिथंही गुरुजींनी विचारलं की येत असलेलं उत्तर घशातच राहायचं.

त्या उन्हाळ्यातच मॅडमनी एकदा चीजचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. कडक, पिवळट, खारट. "पाच महिन्यांचं आहे," म्हणाल्या.

"दूध पाच महिने राहिलं?"

"राहिलं नाही, मुरलं."

मी दिवसभर तेच डोक्यात घेऊन ट्रे धुतले. संध्याकाळी निघताना, चप्पल घातल्यावर, विचारलं, "मॅडम, शेळीच्या दुधाचं होतं का असं?"

"होतं की. उलट हॉटेलवाले मला तेच मागतात. मिळत नाही."

मग त्यांनी मला शिकवलं. दूध कोमट करायचं, विरजण घालायचं, मग दूध गोठवणाऱ्या औषधाचे थेंब. दूध खापरीतल्या दह्यासारखं घट्ट बसतं. त्याचे सुरीनं चौकोन करायचे, हलक्या हातानं ढवळायचं, फडक्यात बांधायचं, भोकाच्या डब्यात भरून वर वजन ठेवायचं. हे मला अवघड गेलं नाही. लहानपणी करडू मेलं की वडील ते कापायचे, तेव्हा त्याच्या पोटात प्यालेलं दूध असंच घट्ट झालेलं मी बघितलं होतं. डब्यातून निघालं की चीज गुळाच्या लहान ढेपेसारखं दिसतं, म्हणून मी त्याला ढेपच म्हणते.

अवघड पुढचं होतं. मॅडम म्हणाल्या, "मुरवायला आपला फ्रिज चालत नाही. फार गार आणि फार कोरडा. याला बारा डिग्री लागतात आणि ओल लागते. विहिरीत उतरलं की कशी हवा असते, तशी." त्यांचे दोन्ही फ्रिज लोण्या-क्रीमनं भरलेले. "दोन महिने मुरलेली एक ढेप आण. कडू नको, आतून सलग पाहिजे. मग तुझ्या आईचं सगळं दूध मी चीजला लावते."

मी मनात दिवस मोजले. पोळ्याला सुरुवात केली तर दिवाळीच्या अमावास्येला दोन महिने पुरे होतात. भाऊबीज त्यानंतर दोन दिवसांनी.

फ्रिज बारावर ठेवायला एक डबी मिळते. फ्रिजची पिन डबीत लावायची, डबीची पिन भिंतीत. डबीची एक बारीक वायर फ्रिजच्या आत सोडायची. आत गरम झालं की डबी फ्रिज चालू करते, गार झालं की बंद. मॅडमनी सांगितलं, तुमच्या घराकडं बजाजनगरात मिळणार नाही, इथं क्रांती चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बघ. दुकानात गर्दी होती. मी कडेला उभी राहिले. तीन गिऱ्हाईकं माझ्या मागून येऊन पुढं गेली. शेवटी दुकानदारानंच विचारलं.

"बोलो बाजी, क्या होना?"

"टेंपरेचरची डबी."

"अंडे के वास्ते? मशीन बनाया क्या घर में?"

ती डबी कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीला लावतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की नाही म्हटलं तर सगळं सांगावं लागेल, आणि मागं चार माणसं ऐकत होती. मी म्हटलं, "हां."

"कित्ते अंडे हैं?"

"चाळीस."

"देसी?"

"हां, देसी."

त्यानं डबीला पिन लावायचा बोर्ड आणि वायर जोडून दिली, आकडा कमी-जास्त करायची बटणं दाखवली. वर सांगितलं, रोज अंडी फिरवायची विसरू नका. मी मान हलवून आले.

घरी येऊन मी आकडा बारावर आणला. फ्रिजचं आतलं बटण मॅडमच्या सांगण्यावरून पूर्ण गारवर ठेवलं, म्हणजे पुढचं डबीनं ठरवायचं. फ्रिज आधीपासून चालूच होता, आत गार होतं. मॅडमकडं शिकताना केलेली एक ढेप आणली होती, ती आत ठेवली. डबीवर आठ दिसत होते. मला वाटलं, आता थांबेल आणि हळूहळू बारावर येईल. थोड्या वेळानं सहा दिसले. मग चार. सकाळी दोन. ढेप दगड झाली होती आणि वायरीवर बर्फ.

नवरा दात घासत मागं उभा होता. "गार पाणी मागितलं तर म्हणती फ्रिज रिकामाच ठेवायचा. अन् रिकाम्या फ्रिजमंदी बर्फाचा डोंगर."

"चुकलंय काहीतरी."

"ते दिसतंय की."

तो कंपनीत फिटर आहे. वीस वर्षं मशीनच्या पोटात हात घालतोय. पण ते वायरिंगचं काम माझं नाही म्हणाला आणि डबा घेऊन गेला. मला माहीत होतं, चूक वायरीत नव्हती, माझ्या जिभेत होती. त्या दिवशी मी काम संपवून सरळ दुकानात गेले आणि या वेळी काउंटरला हात टेकून उभी राहिले.

"भैया, अंडी नाहीत."

"टूट गये?"

"नव्हतीच. फ्रिज आहे."

"फ्रिज में अंडे उबा रहे थे?" त्याच्या शेजारचा माणूस हसला. माझे कान तापले, पण मी हलले नाही.

"चीज मुरवायचंय. शेळीच्या दुधाचं. बारा डिग्री पाहिजे. गार झाल्यावर बंद व्हायला पाहिजे, होत नाही."

"अरे बाजी!" त्यानं कपाळाला हात लावला. "मैं गरम का सेटिंग करके दिया ना. वो ठंडे में चालूच रहता. पहले दिन बोलना था." त्यानं दुसरी डबी काढली, एक बटण दाबून धरायला सांगितलं, माझ्याकडून तीनदा करून घेतलं. त्या बटणानं गरमचं अक्षर जाऊन थंडचं येतं. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, आकार पाठ केला. एकाला मधे आडवी दांडी असते, दुसरं अर्ध्या बांगडीसारखं. अर्धी बांगडी पाहिजे.

घरी जाऊन मी ते केलं. फ्रिज थांबला. तासाभरानं डबीवर बारा आले, तेरा झाले, आणि फ्रिज घरघर करत पुन्हा चालू झाला. मी ओट्यापाशी उभी राहून तो चार वेळा बंद आणि चालू होताना बघितला. मग भाकरी टाकल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भावानं जीपमधून नऊ लिटर दूध आणलं, संध्याकाळचं आणि सकाळचं मिळून. संध्याकाळचं मायनं विहिरीत दोरानं सोडून ठेवलं होतं. त्यातून पहिली ढेप झाली. एक दिवस मिठाच्या पाण्यात बुडवली, दोन दिवस जाळीखाली सुकवली आणि आत ठेवली. फळ्या मी सुताराकडून आंब्याच्या लाकडाच्या करून घेतल्या होत्या. ओलीसाठी मॅडमनी नुसतं पाणी ठेवायला सांगितलं होतं, पण नुसत्या पाण्यानं पुरेना, ढेपेची कड वाळून पांढरी पडायला लागली. मग मी फुटक्या माठाची खापरं परातीत पाणी घालून ठेवली. खापर पाणी पितं आणि सावकाश सोडतं. दोन दिवसांत कड मऊ झाली. हे मॅडमना सांगितलं तर त्यांनी त्यांच्या वहीत लिहून घेतलं.

पुढचे तीन रविवार एकेक ढेप केली. फ्रिजमध्ये चार झाल्या.

घरात मात्र गार पाणी बंद, बर्फ बंद, उरलेलं अन्न ठेवणं बंद. भाजी रोजची रोज. दार दिवसातून एकदाच उघडायचं, तेही मी. हात धुऊन, केस बांधून चारही ढेपा उलट्या करायच्या, बुरशी आली असेल तर मिठाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसायची. पांढरी आणि करडी चालते, काळी खरवडायची. नवरा खाटेवरून बघत असायचा.

"आमच्या मायला पण एवढं उलटंपालटं केलं नाय कुणी दुखण्यात."

"तुमचं जेवण झालं का?"

"झालं. पाणी राह्यलंय."

"माठात आहे."

"माठात हायच. फ्रिजला बारा डिग्री, मला माठ. मी बी चार दिवस आत जाऊन बसतो, मला बी रोज मिठाच्या पाण्यानं पूस."

मला हसू आलं, पण फ्रिज मी दिला नाही. शेजारीण पाहुण्यांसाठी बर्फ मागायला आली तेव्हाही दिला नाही. नवरा बोलायचा खूप, पण दाराला त्यानं कधी हात लावला नाही, हे मला सांगायला पाहिजे.

नवरात्रात अष्टमीला मायनं बोलावलं. दोन दिवसांसाठी निघताना मी परातीत काठोकाठ पाणी भरलं, चारही ढेपा उलटल्या आणि नवऱ्याला सांगितलं, "दार उघडायचं नाही. काही झालं तरी."

"नाय उघडत."

"शपथ?"

"अगं जा, जीप निघल."

माहेरी दोन दिवस चांगले गेले. मायबरोबर बांधावर बसले. ती शेळ्यांकडं बघत होती आणि मी तिला फ्रिजचं सांगत होते. ती म्हणाली, "म्हंजी दूध शिळं करून खायाचं? तुझी मॅडम बरी हाय ना?" पण मी निघताना तिनं स्वतः किटली घासून ठेवली.

दसऱ्याला दुपारी घरी आले. बाहेर ऊन रणरणत होतं. दारात झेंडूचं तोरण, आत उदबत्तीचा वास. मोटारसायकलला हार, पान्ह्यांच्या पेटीवर हळदकुंकू. आणि तसाच हार फ्रिजच्या दाराला. लाल पत्र्यावर हळदीची पाच बोटं, डबीवर कुंकवाचा टिळा, समोर पाटावर नारळ. बघून मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की घरात आवाज नाही. फ्रिजची घरघर नव्हती. डबीवर काहीच आकडा नव्हता. पिन काढून नीट गुंडाळून वर ठेवली होती.

"हे कधी बंद केलं?"

"काल दुपारी." नवरा नवा शर्ट घालून बसला होता, चेहऱ्यावर हसू. "काल खंडेनवमी नव्हती का! कंपनीत बी समद्या मशिनी बंद, धुतल्या, पुजल्या. घरी येऊन मी माझी पेटी पुजली, गाडी पुजली, अन् म्हटलं तुझं बी मशीन हाय की. त्याला बी एक दिवस आराम पायजेल. आता तू आलीस, तुझ्या हातानं नारळ फोड अन् चालू कर."

मला वाटतं, तो माझी खुशी बघत होता.

"अन् दार उघडलं नाय," तो म्हणाला. "तू सांगितलं व्हतं. पुजेला आतून पुसायचं मनात आलं, तरी नाय उघडलं."

"मिक्सर का नाही बंद ठेवला मग?"

"मिक्सर काय हत्यार हाय का? ते घरचं. हे तुझं कामाचं."

खंडेनवमीला हातातलं हत्यार खाली ठेवायचं असतं, त्या दिवशी त्यानं काम करायचं नसतं. माझे वडीलही कुऱ्हाड आणि लोकर कातरायची कात्री पुजून ठेवायचे, दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. मला हे माहीत होतं आणि तरी सांगून जायचं सुचलं नाही, कारण आमच्या फ्रिजला कुणी हत्यार म्हणेल हे माझ्याच मनात आलं नव्हतं. ते नवऱ्याच्या मनात आलं. दीड महिना चेष्टा करणाऱ्या माणसाच्या.

मी दार उघडलं. गरम, आंबूस वाफ तोंडावर आली. वरच्या दोन ढेपा फुगून पावासारख्या झाल्या होत्या. तिसरी एका बाजूनं बसली होती, तिच्यातून पिवळं तूप सुटून फळीवरून परातीत ठिबकत होतं. सगळ्यांत जुनी, पोळ्याची, खालच्या फळीवर होती. तिलाही घाम फुटला होता, अंगभर तेलकट थेंब होते. पण बोटानं दाबली तर दबली नाही.

नवरा मागं येऊन उभा राहिला. त्याचं हसू गेलं. "आराम दिला म्हटलं," तो म्हणाला.

त्याच्यावर ओरडावं असं मला वाटलं नाही. रडूही आलं नाही. भाऊबीजेला किती दिवस राहिले ते मोजले, बावीस होते. मी हार काढून खिळ्याला लावला, पदर खोचला आणि पिन भिंतीत घातली.

फुगलेल्या दोन्ही ढेपा कापल्या. आत स्पंजासारखी भोकं आणि घाण वास. तिसरी आतून आंबली होती. नवऱ्यानं तिन्ही एका पिशवीत घातल्या आणि नव्या शर्टातच कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेऊन आला. जुनी ढेप मी मिठाच्या पाण्यानं पुसली, कोरड्या फडक्यात गुंडाळून तेल टिपलं. फळ्या उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकल्या. फ्रिज एकदम गार होऊ दिला नाही. डबी आधी वीसवर ठेवली, मग सोळावर, संध्याकाळपर्यंत बारावर आणली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तापलेल्या माठात गार पाणी ओतलं की तो तडकतो, एवढं मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना नवऱ्यानं पत्र्याची लाल पाटी आणली. कंपनीत कुणी मशीनच्या पोटात हात घातलेला असला की बटणावर तसली पाटी अडकवतात, म्हणजे दुसरा कुणी बटणाला हात लावत नाही. तिच्यावर त्यानं रंगानं लिहिलं होतं, 'चालू आहे. बंद करू नये.' ती त्यानं पिनेच्या वर तारेनं बांधली.

"कुणासाठी ही? घरात आपण दोघंच," मी म्हटलं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, त्याला चार वर्षं झाली.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

पुढचे दिवस मी एका ढेपेवर काढले. तिला बारीक भेगा पडल्या. भेगेतून काळी बुरशी आत जाते, म्हणून मी रोज बोटानं तूप भरत राहिले. मायच्याच शेळ्यांच्या दुधाचं, भावाकडून मागवलेलं. रविवारी दूध आलं तशा नव्या दोन ढेपाही केल्या. नवरा म्हणाला, आधी हिचं काय होतंय ते तर बघ. मी म्हटलं, हिचं काहीही होवो.

पाडव्याला मॅडमकडं ढेप घेऊन गेले. त्यांच्याकडं पाहुणे होते, तरी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, मोठी सुरी काढली. कापताना आवाज आला, कोरड्या खोबऱ्याचा येतो तसा. आतून पिवळसर पांढरी, कडेला बोटभर गडद पट्टा, मध्ये दोन-तीन भोकं. मॅडमनी कडेचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच सिंकमध्ये थुंकला. मग मधला तुकडा घेतला. तो चावत त्या खिडकीकडं तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. आणखी एक घेतला.

"कड खवट आहे. हे हॉटेलला देता येणार नाही."

"एक दिवस बंद पडला होता."

"का?"

मी सगळं सांगितलं, हळदीच्या बोटांसकट. मॅडम हसल्या नाहीत. आणखी एक तुकडा मधून कापून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "खा. हे बरोबर आहे. आतलं बरोबर आहे. एवढं होऊन आतलं टिकलं, म्हणजे तुझा हात ठीक आहे. पण एका ढेपेवर मी हॉटेलला शब्द देऊ शकत नाही. एकही न बिघडता चार आण. मग घेते."

म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. मी उरलेली ढेप फडक्यात बांधून रिक्षानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, आणि त्याच्याबरोबर जीपच्या पुढच्या सीटवर माय. गुडघे धरत खाली उतरली. मी भावाला ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली आणि चहा हातात घेतल्यावर म्हणाला, "आक्का, येत्या बाजाराला नेतो मग. गाडी सांगून ठेवलीया."

माय भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"नेऊ नको," मी म्हटलं.

"मॅडमनी घेतो म्हटलं का?"

होय म्हणणं सोपं होतं. दुकानात म्हटलं होतं तसं. "नाही. चार करून दाखव म्हणाल्या."

"मग?"

"मग चार करणार."

"अन् त्या बिघडल्या तर?"

"पुन्हा करणार. दोन आत आहेतच. शेळ्या विकल्यावर मी कशाच्या करू? तुझ्या जीपच्या डिझेलच्या?"

भावानं चहा खाली ठेवला. "दाजी, ही कवापासून एवढं बोलाया लागली?"

"मला इचारू नको," नवरा म्हणाला. "मला ह्या घरात गार पाणी बी मिळत नाय."

मी ढेपेची कड काढून टाकली, मधले पातळ तुकडे केले आणि ताटलीत घालून पुढं ठेवले. भावानं वास घेतला, नाक मुरडलं, तरी खाल्लं. "हे लोक मागून खातात?"

"तू नको खाऊ. तू दूध आण."

मायनं एक तुकडा उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. तोंडात टाकून बराच वेळ हलवला. "शेळीचंच लागतंया," ती म्हणाली. मग दुसरा घेतला. मग भावाला म्हणाली, "त्या गाडीवाल्याला नगं म्हणून सांग."

"माय, तुझे गुडघे..."

"गुडघे माझे हायेत."

त्यानं खाली ठेवलेला चहा उचलून संपवला. शेवटी म्हणाला की बोकड आणि आटलेल्या पाच शेळ्या तो नेणारच, एवढ्यांना पाला पुरत नाही. दुधाच्या नऊ होळीपर्यंत राहतील. होळीला पुन्हा बघू. मायनं त्यावर वाद घातला नाही, मीही घातला नाही. होळीला चार महिने होते आणि मुरायला दोन लागतात.

"रविवारी किती आणू?" भावानं जीपमध्ये बसताना विचारलं.

"सगळं," मी म्हटलं. "करडांचं सोडून सगळं."